एकच माणूस अकरा वेळा आमदार: लोकांचं प्रेम की नाइलाज?

तुम्ही विचारलंय की एकच माणूस एकाच मतदारसंघातून पुनःपुन्हा निवडून येतो, ते लोकांना तो हवा असतो म्हणून, की समोर दुसरं कुणी नसतं म्हणून. मी इंदूरची. आमच्या मध्य प्रदेशात बाबूलाल गौर सलग दहा वेळा आमदार झाले. पण उत्तर देताना मला माझं आजोळ आठवतं, सोलापूर जिल्ह्यातलं सांगोलं, आणि तिथले गणपतराव देशमुख.

गणपतराव 1962 साली शेतकरी कामगार पक्षातर्फे पहिल्यांदा निवडून आले आणि 2014 मध्ये अकराव्यांदा. सगळे अकराचा आकडा सांगतात. मला त्यांचे पराभव जास्त महत्त्वाचे वाटतात. 1972 ला ते पडले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पुन्हा पडले, तेही अवघ्या 192 मतांनी, आणि 1999 ला लोकांनी त्यांना परत बोलावलं. लोकांपुढे पर्याय नसता तर हे पराभव झालेच नसते. पडल्यावर त्यांनी ना पक्ष बदलला, ना तालुका सोडला. 1978 ला आणि 1999 ला ते मंत्री झाले, विरोधी पक्षनेतेही होते. तरी मामाकडे त्यांचं नाव निघालं की मंत्रिपदाचा विषय नसायचा. साहेब एसटीनं मुंबईला जातात, हेच सगळे अभिमानानं सांगायचे.

पण नुसत्या साधेपणावर कुणी पन्नास वर्षं मतं देत नाही. माझ्यासाठी खरं उत्तर आहे सूतगिरणी. सांगोला दुष्काळी तालुका, कापूस तिथलं पीक नव्हे. तिथे गणपतरावांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्या बंद पडल्या तरी ती चालू ठेवली. याची किंमत मला कळते, कारण माझे वडील इंदूरच्या एका कापडगिरणीत होते. आम्ही परदेशीपुऱ्यात राहायचो, भोंगा झाला की आई डबा भरायची. एक दिवस गिरणी बंद झाली आणि हक्काच्या पैशासाठी बाबांना आणि त्यांच्या सोबत्यांना वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले. त्यानंतर एकदा सांगोल्याला गेलो असताना बाबा मामाला म्हणाले, “मला तुमची गिरणी दाखव.” फाटकाबाहेर ते पाळी सुटेपर्यंत उभे राहिले. बाहेर पडणारी माणसं बघत होते, एक शब्द बोलले नाहीत. आमच्या भागातही गिरण्यांच्या नावावर मतं मागितली गेली होती.

पाण्याचंही तसंच. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी सांगोल्याला मिळावं म्हणून ते विधानसभेत वर्षानुवर्षं तोच विषय लावून धरत राहिले. असल्या कामाला आमदारकीची एक मुदत पुरत नाही, आणि एकाच माणसाला इतकी वर्षं निवडून देण्यात लोकांचा फायदा असेल तर तो इथे आहे, असं मला वाटतं.

2019 ला वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. 30 जुलै 2021 रोजी ते गेले. 2019 ला त्यांच्या जागी नातू अनिकेत उभे होते, ते 768 मतांनी पडले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. म्हणजे गणपतरावांच्या घरातल्या माणसालाही सांगोल्यानं आमदारकी आपोआप दिली नाही.