पंप उतरवण्याआधी मॅनिफोल्ड बघा

आंबिया बहाराची संत्री निघायला लागली की जुन्या पिकअप गाड्यांची दुखणीही निघतात. या वेळी आलेल्या प्रश्नांत इनटेक मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या जोडाचे, बरेच होते, म्हणून तेच एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : २०१२ची टर्बो डिझेल पिकअप आहे. काटोलहून कळमन्याला संत्रा आणतो. रिकामी असली की गाडी बरोबर चालते. माल भरला की ओढतच नाही. मागून काळा धूर, बॉनेटखालून सूं सूं आवाज. मिस्त्री म्हणतात, डिझेलचा पंप अन् नोझल उतरवावं लागते. उतरवू का? – बागायतदार, काटोल

थांबा भाऊ, पंपाला हात लावू देऊ नका. रिकाम्या गाडीला टर्बोची फारशी गरज पडत नाही. लोड आला की टर्बो हवा दाबून मॅनिफोल्डमध्ये भरतो, आणि ती वाटेत कुठेतरी निसटली की डिझेल जास्त, हवा कमी असा हिशोब होतो. जळायचं राहिलेलं डिझेल काळा धूर होऊन मागून निघतं. नोझल खराब असलं तरी काळा धूर येतो, हे खरं. पण त्याच्या जोडीला लोडवर सूं आवाज असेल तर मी आधी हवेची वाट तपासतो.

तपासायला मोठं मशीन लागत नाही. इंजिन थंड असताना टर्बोकडून येणारा होज सोडा, त्या टोकाला व्हॉल्व बसवलेलं बूच क्लिपने आवळा आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने १० पीएसआयपर्यंत हवा द्या. त्याहून जास्त नको. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजवर, मॅनिफोल्ड आणि इंजिनाच्या हेडच्या मधल्या फटीवर ब्रशने लावा. जिथे फेस फुगतो तिथे रोग. ऑइल भरायच्या झाकणातून थोडी फुसफुस ऐकू आली तर घाबरू नका, ती पिस्टनच्या रिंगांपलीकडे गेलेली हवा असते. मॅनिफोल्डची खालची बाजू विसरू नका. तिथे हात पोचत नाही, म्हणून मिस्त्रीही तिथे बघत नाहीत. छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च धरा. ज्या बोल्टाखाली काळी, तेलकट, पंख्यासारखी पसरलेली रेघ दिसेल, तिथूनच हवा जाते आहे.

प्रश्न : मॅनिफोल्डला तडा सापडला. नवा मिळायला वेळ लागतो म्हणतात. आर्गन वेल्डिंग करावं, जुना आणावा की एम-सील लावून चालवावं? – ट्रान्सपोर्टवाले, वाडी

एम-सीलचा विषय इथेच संपवू. इंजिन तापतं, निवतं, थरथरतं. पुटी सुटते आणि तिचा तुकडा आत ओढला गेला तर व्हॉल्वखाली येतो.

आर्गन चालतं, पण नीट केलं तर. ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं. ते धुऊन, तापवून बाहेर काढल्याशिवाय टाका धरत नाही, नुसती भोकं पडतात. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक मारून घ्यायला सांगा, नाहीतर तडा टाक्याच्या पुढे सरकतो. वेल्डिंगच्या उष्णतेने मॅनिफोल्डची हेडला टेकणारी पट्टी वाकते, ही सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. घरी आणल्यावर तोंडांवर सरळ स्टीलपट्टी उभी धरा आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या बारीक पात्या) घालून बघा. ०.१ मिलिमीटरची पात आरामात सरकत असेल तर मशीन शॉपमध्ये फेसिंग करून, म्हणजे तोंडं सपाट करूनच बसवा. जुना मॅनिफोल्ड भंगारातून आणला तरी हीच परीक्षा. तडा पोर्टच्या तोंडाशी किंवा बोल्टाच्या कानाजवळ असेल तर मी वेल्डिंग करत नाही. नव्याची वाट बघतो.

बसवताना नागपूरच्या धुळीचा विचार आधी. काही सोडण्यापूर्वी इंजिन बाहेरून हवेने आणि ब्रशने साफ करा, नाहीतर ती सगळी माती उघड्या पोर्टात उतरते. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डची आकृती काढून ज्याचा तो जागेवर खोचून ठेवा. पोर्टात स्वच्छ फडकी कोंबा, टोकं बाहेर लोंबती ठेवा आणि किती कोंबली ते त्याच पुठ्ठ्यावर लिहा. जुनं गॅस्केट खरवडायला पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर वापरू नका, त्याची कणी सिलिंडरला सुरीसारखी लागते. पितळी किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या. गॅस्केट नवंच, आणि त्यावर सिलिकॉनचा थर नको. बाहेर दिसतं तेवढंच सिलिकॉन आतही दाबलं जातं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेला, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात, पण तुमच्या इंजिनाचा मॅन्युअलमधला आकडाच शेवटचा. पान्याला पाइप लावून ताकद दाखवली की ॲल्युमिनियमच्या हेडमधली चुडी निघाली म्हणून समजा.

कॉमन रेल इंजिन (एकाच रेलमधून सगळ्या नोझलना दाबाचं डिझेल जातं ते) असेल तर रेलचे पाइप आड येऊ शकतात. चालत्या इंजिनावर त्यांना पाना लावू नका. तिथला दाब १,००० बारच्या वर जातो आणि ती डिझेलची धार कातडीत घुसते. इंजिन बंद करून दाब उतरू द्या, आणि सोडलेली तोंडं लगेच टोपणांनी झाका.

प्रश्न : खापरखेड्याकडून राखेच्या विटा वाहतो. टर्बो नसलेली जुनी डिझेल गाडी आहे. मॅनिफोल्डचं गॅस्केट एका कोपऱ्यात फाटलंय, पण ओढीत काही फरक नाही. सीझन झाल्यावर केलं तर चालेल? – वीट व्यावसायिक, कामठी तालुका

चालणार नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात मॅनिफोल्ड सतत हवा आत ओढतो, त्यामुळे फट पडली तरी ओढ कमी होत नाही आणि मालक निश्चिंत राहतो. पण ती हवा फिल्टरमधून गाळून आलेली नसते. तुमच्या भागातली राख म्हणजे बारीक काच आणि सिलिका, लायनर आणि रिंग घासायला पुरेशी. गॅस्केट काढल्यावर फाटलेल्या कोपऱ्याजवळच्या पोर्टात बोट फिरवा आणि चिमटीत चोळा. नुसती काजळी मऊ लागते. करकर लागली तर ब्लो-बाय, म्हणजे रिंगांपलीकडून खाली निसटणारा वायू, तपासून घ्या, ऑइल बदला. हे काम याच आठवड्यात करा.

प्रश्न : जुन्या पेट्रोल पिकअपला बाहेरून सीएनजी किट बसवलं आहे. सकाळी स्टार्ट करताना फाटकन आवाज झाला आणि मॅनिफोल्डच फुटला. गॅसचा दोष का? – भाजीविक्रेते, कॉटन मार्केट

दोष बहुतेक स्पार्कचा. मिक्सर टाइपच्या जुन्या किटमध्ये गॅस आणि हवा मॅनिफोल्डमध्येच मिसळतात, म्हणजे मॅनिफोल्ड पेट घेऊ शकणाऱ्या मिश्रणाने भरलेला असतो. प्लग थकलेला, वायर फुटलेली किंवा टायमिंग चुकलं असलं की आग उलटी फिरते. गॅसला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. नवा मॅनिफोल्ड बसवण्याआधी प्लग, वायरी, एअर फिल्टर बदला. टॅपेट (व्हॉल्वची फट) सेट करा. नाहीतर तोही फुटेल. गॅसच्या टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, तारीख सोबतच बघून घ्या.

प्रश्न : अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघतो. त्यांत मॅनिफोल्ड फुटला की कूलंट गळतं. आपल्याकडेही तसं होतं का? – विद्यार्थी, हिंगणा

तिकडच्या काही व्ही-८ इंजिनांत कूलंटची वाट मॅनिफोल्डमधूनच जाते. फोर्डच्या ४.६ लिटर इंजिनांवरचे प्लास्टिक मॅनिफोल्ड तिथेच तडकायचे. पुढे तो भाग ॲल्युमिनियमचा केला. शेव्हर्लेच्या ५.७ लिटरमध्ये गॅस्केट गळायचं. आपल्या चार सिलिंडर डिझेल पिकअपमध्ये मॅनिफोल्ड बहुधा नुसती हवा वाहतो. कूलंट कमी होत असेल तर ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी सोय) कूलर, वॉटर पंप, हेड गॅस्केट बघा.

प्रश्न : मॅनिफोल्ड उघडला तर आत डांबरासारखा थर, निम्मी वाट बंद. ईजीआरला पत्रा मारून टाकू का? – पिकअप चालक, बुटीबोरी

ईजीआरची काजळी आणि ब्रीदरमधून (इंजिनाच्या श्वासनळीतून) येणारी तेलाची वाफ मिळून तो थर होतो. मॅनिफोल्ड गाडीवरून काढूनच साफ करा; जागेवर खरवडला तर ढेकळं सिलिंडरमध्ये जातात. रात्रभर डिझेलमध्ये बुडवा, सकाळी ब्रशने घासा, गरम साबणपाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवा. सेन्सर आणि व्हॉल्व आधी काढून ठेवा, ते बुडवायचे नाहीत.

पत्रा मारू नका. प्रदूषणाच्या नियमात ते बसत नाही, आणि तुमची गाडी आठ वर्षांच्या वर गेली असेल तर फिटनेसला दरवर्षी उभं राहायचंच आहे. ईसीयूवाल्या (इंजिनाचा कॉम्प्युटर असलेल्या) गाडीत चेक लाइट लागून ओढही कमी होऊ शकते. त्यापेक्षा ईजीआर व्हॉल्व पूर्ण बंद होतो की अर्धवट अडकतो ते बघा आणि ब्रीदरमधून तेल जास्त का येतं ते शोधा. टर्बोकडून येणाऱ्या होजमध्ये तेलाचं तळं साचलेलं दिसलं, तर मॅनिफोल्ड धुण्याआधी टर्बोची शाफ्ट हलवून बघा.