दहावीला विज्ञान कसंबसं पास झालो, आता ते कळून मला काय करायचंय?

तुम्ही विचारलंय की दहावीनंतर विज्ञानाशी संबंध संपला, आता कापडाचं दुकान बघता, मग हे विज्ञान-बिज्ञान कळून काय फरक पडतो, काही अडलं तर गूगल आहेच की. प्रश्न रास्त आहे. मी पण काही फार शिकलेला माणूस नाही हां, आयटीआय केलंय आणि बेळगावात मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचं, दुकान चालवतो, त्यामुळं माझ्या धंद्यातलंच सांगतो.

उचगाव बाजूचे एक काका एप्रिलमध्ये दुकानात आले. विहिरीचं पाणी खाली गेलं तशी त्यांची मोटर पाणी उचलेना. कुणीतरी सांगितलं म्हणून ३ एचपी काढून ५ एचपी बसवली तरी नाही, पाईपच्या तळाचा फूटव्हॉल (पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप) बदलला, बादल्याच्या बादल्या ओतून प्रायमिंग करून झालं, मोटर नुसती घरघरायची. आता म्हणे साडेसातची बसवूया काय ओ. मी जाऊन दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, पंपापासनं पाण्यापर्यंत ३३ फूट भरले. म्हटलं काका, साडेसात सोडा, ५० एचपी बसवली तरी थेंब येणार नाही.

कारण पंप पाणी ओढतच नाही. तो फक्त पाईपमधली हवा कमी करतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर जी बाहेरची हवा बसलेली असते ती पाण्याला वर ढकलते. आपण स्ट्रॉनं उसाचा रस पितो तसं. म्हणजे हवेत जेवढा दम तेवढंच पाणी वर. समुद्रकिनारी हा दम १०.३ मीटरचा, म्हणजे जवळजवळ ३४ फूट. बेळगाव पडलं साडेसातशे मीटर उंचावर, इथं हवाच विरळ, त्यामुळं ३१ फुटांवरच खेळ खल्लास, ते पण कागदावर, प्रत्यक्षात २२-२४ फुटांच्या पुढं मोटर रडायला लागते. इटलीतल्या पंपवाल्यांना पण हेच कोडं पडलेलं, गॅलिलिओला सुद्धा त्याचं कारण नीट सापडलं नाही, शेवटी त्याच्याच शिष्यानं, टॉरिसेलीनं, १६४४ च्या सुमाराला पाऱ्याच्या नळीवरनं सांगितलं की अरे आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतोय.

मग विहिरीत १५ फूट खाली लोखंडी अँगल टाकून काकांची जुनीच ३ एचपी त्यावर ठेवली, म्हणजे मोटरपासनं पाणी १८ फुटांवर आलं. पाणी धो धो. काका म्हणाले, "एवढंच होतं काय ओ?"

गंमत पुढं आहे. काकांचा नातू तिथंच उभा होता, नववीतला. त्याला वातावरणीय दाबाची व्याख्या विचारली तर पोरानं न अडखळता म्हणून दाखवली. मराठी शाळेत वातावरणीय दाब, उद्या पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेला की ॲटमॉस्फेरिक प्रेशर, कन्नडमध्ये वातावरणद ओत्तड, आपल्या सीमाभागातली पोरं तीन-तीन भाषांत पाठ करतात पण घरच्या विहिरीत ते एकाही भाषेत उतरत नाही. आणि गूगलचं म्हणाल तर काकांनी गूगलला काय विचारलं असतं? पाच का साडेसात, एवढंच. प्रश्नच चुकला की गूगल तरी काय करणार, त्यानं साडेसातचे रेट दाखवले असते.

आता पाणाड्याचं, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्याचं, सांगतो, ह्यावरनं घरात भांडण झालंय माझं. मामांनी खानापूर तालुक्यात बोअर मारायचं काढलं. पाणाडी आला, सत्तरीच्या पुढचा म्हातारा, तळहातावर नारळ आडवा घेऊन शेतभर फिरला आणि एका जागी नारळ उभा राहिला. मी म्हटलं आजोबा, राग मानू नका, एकदा डोळ्याला टॉवेल बांधून फिरता काय? म्हातारा तयार झाला हे विशेष. तीनदा फिरवला, तीन वेगळ्या जागी नारळ उठला, त्यातली एक तर बांधाजवळची, जिथं कातळ वर आलाय. मामी म्हणाली, अमावस्या जवळ आलीय म्हणून असं होतंय.

म्हातारा लबाड नव्हता बरं का. मनात आलं की हात आपल्याला न कळता हलतो. ज्या फॅरडे नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १८३१ च्या शोधावर (चुंबक आणि तारेतनं वीज) आमचं पोट चालतंय त्यानंच १८५३ मध्ये हे तपासलेलं. तेव्हा लंडनमध्ये लोक टेबलावर हात ठेवून बसायचे, टेबल फिरायचं आणि म्हणायचे भुतं फिरवतात. ह्यानं हात आणि टेबल यांच्या मध्ये मऊ लुकणानं चिकटवलेले पुठ्ठे ठेवले. वरचा पुठ्ठा जास्त सरकलेला निघाला, म्हणजे आधी हात हलत होते, टेबल नंतर.

आणि डोळे उघडे असताना म्हातारा बघत काय होता? उंबर कुठाय, वारूळ कुठाय, जमीन कुठं खोलगट, भर उन्हाळ्यात हरळी कुठं हिरवी. वराहमिहिरानं सहाव्या शतकात झाडं-वारुळं बघून पाणी शोधण्यावर अख्खा अध्याय लिहिलाय. अक्कल सगळी त्या डोळ्यात, मान मात्र नारळाला.

मी स्वतः काय कमी खुळा होतो? बरीच वर्षं मला वाटायचं पाणाडी चुकतच नाहीत, कारण मोटर घ्यायला येणारा जो तो सांगायचा, पाणाड्यानं दाखवलं आणि पाणी लागलं. एक दिवस दुकानात चहा पिता पिता डोक्यात आलं, ज्याचं बोअर कोरडं गेलं तो माझ्याकडं मोटर घ्यायला येईलच कशाला! तुमच्या दुकानात पण बघा, रंग गेला म्हणून भांडायला येणारे दिसतात, गुपचूप शेजारच्या दुकानात गेलेले किती ते कुठं मोजता येतं. ह्याला सूत्र-बित्र काही लागत नाही. घटनेच्या ५१ (क) कलमात १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय, आम्ही ते दोन मार्काला पाठ केलेलं, मला विचाराल तर ते असल्याच हिशोबाला म्हणत असावेत.

मामांनी शेवटी डोळे उघडे असताना नारळ जिथं उठला तिथंच बोअर मारलं. दोन इंच पाणी लागलं. आता गावभर नारळाचा जयजयकार, आणि मामांचा रात्री फोन, "बघ, आलं की नाही पाणी?" म्हटलं आलं की मामा. मग दोन मिनिटं इकडचं तिकडचं झालं आणि हळूच विचारलं, मोटर किती एचपीची घालायची रे? मी म्हटलं आधी बोअरची खोली सांगा.