धाग्याची परीक्षा खऱ्या पाण्यात घे
सांगलीत बसून समुद्राच्या पाण्यातले धातू शोषून घेणाऱ्या धाग्यावर काम करतोयस, याचं मला फार कौतुक वाटतं. पण धागा डिस्टिल्ड वॉटरमध्ये शिसं-तांबं छान शोषतो म्हणून हुरळून जाऊ नकोस. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यात मॅग्नेशियमच १.३ ग्रॅम, तुझा धातू मात्र मायक्रोग्रॅममध्ये किंवा त्याहूनही कमी. कृष्णेच्या पाण्यात मीठ कालवून भागणार नाही. रत्नागिरीहून पाणी आण, गाळून घे, पीएच ८ च्या आसपास आहे ना बघ. अमिडॉक्झिम गट (धातूला पकडणारा अणूंचा गट) जोडलेला पॉलिएथिलीनचा धागा तांबं, युरेनियम धरतो, पण व्हॅनेडियम हा दुसरा धातूही घट्ट धरून ठेवतो. ते सोडवायला तीव्र आम्ल लागतं आणि त्यात धागाच खराब होतो. शिवाय धातू बाटलीलाही चिकटतो, म्हणून त्याच पाण्याची, बिनधाग्याची एक बाटली तुलनेसाठी प्रत्येक वेळी सोबत ठेवच.