प्रदूषणावर कर लावला की पुरे, मग सौरऊर्जेला अनुदान कशाला?

‘कोळशावर जबर कर लावा, बाकीचं बाजार बघून घेईल’ असं तुम्ही प्रश्नात म्हटलंय. कर हवा, हे मलाही मान्य आहे. पण नुसत्या कराच्या जोरावर आजची स्वस्त सौरवीज मिळाली नसती, असं माझं ठाम मत आहे.

आपलाच हिशोब मांडून बघा. भारताने 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये उपकर लावला आणि 2016 पर्यंत तो 400 वर नेला. एका युनिटला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे 400 रुपये लावूनही युनिटमागे भर पडते ती 24-28 पैशांची. आणि 2010 च्या राष्ट्रीय सौर लिलावात पॅनेलच्या विजेची सगळ्यात कमी बोली होती युनिटला 10 रुपये 95 पैसे! कोळशाच्या स्वस्त विजेशी असलेला एवढा फरक कराने भरून काढायचा, तर टनाला दहा हजारांच्या पुढे जावं लागलं असतं. कुठलं सरकार हे करणार होतं?

हा फरक मिटायला सुरुवात झाली ती जर्मनीमुळे. तिथल्या 2000 सालच्या कायद्याने सौरवीज विकणाऱ्याला युनिटला सुमारे 50 सेंट, तेही 20 वर्षांसाठी, असा हमीभाव दिला. पैसा सामान्य ग्राहकांच्या बिलातून आला. 2014 मध्ये बिलावरचा हा अधिभार, सौरसह सगळ्या अक्षय ऊर्जेसाठीचा, युनिटला 6.24 सेंट होता. हमी असल्यामुळे कारखाने उभे राहिले. जगातलं आजवरचं एकूण उत्पादन दुप्पट झालं की पॅनेलची किंमत साधारण 20 टक्क्यांनी उतरते, हे गणित कित्येक दशकं टिकलंय. पुढे चिनी कारखान्यांनी उत्पादन अफाट वाढवलं आणि 2017 मध्ये राजस्थानात भडल्याला बोली 2 रुपये 44 पैशांवर आली.

आता खरा मुद्दा. क्यू-सेल्स ही जर्मन कंपनी एकेकाळी सौर सेल बनवण्यात जगात पहिली होती. 2012 मध्ये तिचं दिवाळं निघालं. शिकण्याचा खर्च एकाने केला आणि फायदा सगळ्या जगाला झाला. नफा दुसऱ्याच्या पदरात पडणार असेल, तर खासगी कंपनी असा खर्च पुरेसा करत नाही. धुराचं नुकसान कराने वसूल होतं. पण शिकण्याच्या खर्चाची ही अडचण कराने सुटत नाही. जर्मन ग्राहकांनी भरलेल्या त्या बिलांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

अर्थात अनुदान वेळेवर उतरवावं लागतं. पॅनेल झपाट्याने स्वस्त होत असताना जर्मनीचे दर मागे राहिले, 2010 ते 2012 दरवर्षी 7,000 मेगावॅटहून जास्त क्षमता बसली, आणि ते चढे दर 20 वर्षांसाठी गळ्यात पडले.

म्हणून आज साध्या पॅनेलवर उधळण्यापेक्षा सूर्यास्तानंतरच्या मागणीसाठी साठवण आणि कोळशाविना पोलाद यांवर पैसा लावावा, असं मला वाटतं. आणि कोळशावरचा कर आता खुशाल वाढवावा. 2010 मध्ये ग्राहकाला दुसरीकडे वळायला परवडणारी जागाच नव्हती. आज निदान दिवसाच्या विजेपुरती ती आहे.