कॅल्क्युलसच्या प्रॅक्टिकलला संगणक नेमका कशासाठी?

गुहागरच्या या मुलीचा प्रश्न थोडक्यात असा: एफ.वाय.बी.एस्सी.ला कॅल्क्युलसचं प्रॅक्टिकल संगणकावर असतं. दिलेला प्रोग्राम टाइप करायचा, आलेलं उत्तर जर्नलमध्ये उतरवायचं, सही घ्यायची. वर्गात मात्र एप्सिलॉन-डेल्टाच्या, म्हणजे लिमिटच्या काटेकोर व्याख्येच्या, सिद्धता चालू. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय, आणि घरी लॅपटॉप नसताना हे शिकायचं कसं?

कोकणातल्याच एका कॉलेजात बरीच वर्षं ही प्रॅक्टिकल्स घेतोय, त्यामुळे सरळ अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे. फक्त तो टाइप करून दिसत नाही. एंटर दाबायच्या आधी 'काय यायला हवं' ते पेनानं वहीत लिहायचं, मगच बटण दाबायचं. लॅबमध्ये दोघींत एक संगणक असतो ना? जिच्या हातात कीबोर्ड नाही तिनं अंदाज लिहायचा. यापलीकडे माझ्याकडे गुपित असं काही नाही, पण हे करणारी मुलं बॅचमागे दोन-तीनच निघतात.

गुहागरची आहेस, तर भरतीचंच उदाहरण घेऊ. समजा सकाळी ६ ला पूर्ण ओहोटी, दुपारी १२ ला पूर्ण भरती, आणि दोन्हींच्या पातळीत २.४ मीटरचा फरक. (प्रत्यक्षात मधला वेळ सव्वासहा तासांच्या आसपास असतो आणि फरक रोज बदलतो. हे आकडे हिशेबाला सोयीचे म्हणून घेतलेत.) सहा वाजल्यापासूनचे तास म्हणजे टी. पाण्याची उंची मीटरमध्ये अशी: कंसात १ वजा कोसाइन (पाय, म्हणजे π, गुणिले टी भागिले ६), आणि त्या कंसाला १.२ नं गुणायचं. कोन रेडियनमध्ये. मोबाईलचा कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला तर सहा तासांत पाणी हललेलंच दिसणार नाही, आणि मग सूत्राला शिव्या बसतात.

दर तासाची उंची सेंटिमीटरमध्ये काढ: ०, १६, ६०, १२०, १८०, २२४, २४०. शेजारच्या रकान्यात लागोपाठच्या दोन आकड्यांचे फरक मांड: १६, ४४, ६०, ६०, ४४, १६. धोपाव्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. सुरुवातीला आणि शेवटी पाणी थांबल्यासारखं वाटतं, अर्ध्या भरतीला झपाझप चढतं. जहाजावरची माणसं हेच बाराव्या हिश्शांनी लक्षात ठेवतात: सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से. आपल्या २.४ मीटरला त्या नियमानं २०, ४०, ६०, ६०, ४०, २० येतात. सूत्राच्या किती जवळ आहेत बघ.

आता फरकांच्या रकान्याची बेरीज कर. २४० येते, म्हणजे एकूण चढलेलं पाणी. फरक काढणं हे डेरिव्हेटिव्हचं (बदलाच्या वेगाचं) कच्चं रूप, बेरीज करणं हे इंटिग्रलचं (साठत गेलेल्या बेरजेचं), आणि एकानं दुसरं उलटतं. सेमिस्टरच्या शेवटी याचंच कॅल्क्युलसचं फंडामेंटल थिअरम होतं. तिथे पोचेपर्यंत हा रकाना कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण जर्नलमध्ये ती दोन वेगळी प्रॅक्टिकल्स असतात.

पुढचा प्रश्न: बरोबर ९ वाजता पाणी किती वेगानं चढतंय? ८ ते १० धरलं तर सरासरी वेग ताशी ६० सेंमी. ८:३० ते ९:३० धरलं तर ६२.१. ८:४५ ते ९:१५ धरलं तर ६२.७. आकडे कुठे निघालेत ते दिसतंय. कागदावर डेरिव्हेटिव्ह काढलं तर ६२.८ येतं.

इथे थांब, कारण तुझा एप्सिलॉन इथेच बसलाय. मी म्हटलं, 'चूक ताशी १ सेंमीपेक्षा कमी हवी.' तू प्रोग्राम चालवून सांगशील, 'नऊच्या अलीकडे-पलीकडे ३५ मिनिटं किंवा त्याहून कमी घेतली की झालं.' मी अडून बसलो, 'नाही, ०.१ सेंमीपेक्षा कमी.' तू म्हणशील, '११ मिनिटं.' माझी मागणी हा एप्सिलॉन, तुझी मिनिटं हा डेल्टा. लॅबमध्ये तू एकेका एप्सिलॉनला डेल्टा शोधतेस. वर्गातली सिद्धता म्हणते की मी कितीही चिकटपणा केला तरी तुझ्याकडे डेल्टा असणारच. हे 'कितीही' संगणकाला जमत नाही.

का जमत नाही, तेही करून बघ. सायलॅब या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये नऊच्या दोन्ही बाजूंचं अंतर दहापट-दहापट कमी करत जा. आधी उत्तर सुधारतं, मग एका टप्प्यानंतर बिघडायला लागतं, आणि अंतर १० चा उणे १६ वा घात झालं की वेग येतो शून्य! भर अर्ध्या भरतीला पाणी ठप्प. संगणक संख्येचे साधारण १६ अंक सांभाळतो. नऊ वाजता टी असतो ३; त्या ३ मध्ये इतकी बारीक भर घातली तरी त्याच्या लेखी ते ३ च राहतात, मग फरक कुठून येणार? व्हायवाला हे समजावून सांगितलंस तर परीक्षक पुढचं पान उलटणार नाही.

सिरीजच्या प्रॅक्टिकललाही हीच सावधगिरी. १ अधिक १/२ अधिक १/३ असं जोडत गेलीस तर बेरीज १० च्या वर जायला १२,३६७ पदं लागतात. पडद्यावर बघणारा शपथेवर सांगेल की ही आता थांबली. ती थांबत नाही, आणि ते कळायला पदांचे गट पाडून केलेली चार ओळींची सिद्धताच लागते.

साधनांचं फार मनावर घेऊ नकोस. वरचं बहुतेक सगळं मोबाईलवरच्या स्प्रेडशीटमध्ये होतं. आलेखासाठी जिओजेब्रा मोबाईलवर चालतं. सायलॅब फुकट आहे, ते कॉलेजच्या मशीनवर वापर. त्याचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर आहेत, तिथे बऱ्याच विषयांचे धडे मराठीतूनही मिळतात. मॅक्सिमासारखं, थेट सूत्ररूपात डेरिव्हेटिव्ह काढून देणारं सॉफ्टवेअर मात्र पहिल्या सेमिस्टरला उघडूच नये, असं माझं मत आहे. काही सहकाऱ्यांना ते पटत नाही. जुलैत लाईट गेली म्हणून प्रॅक्टिकल बुडालं असंही समजू नकोस. सहा ओळींचा तक्ता साध्या कॅल्क्युलेटरवर होतो आणि हातानं केलेला जास्त टिकतो.

आता एक काम. वरचे आकडे उधाणाच्या भरतीचे समज. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी फरक निम्मा, १.२ मीटर धर, वेळ तीच. नऊ वाजताचा वेग किती होईल, आणि चूक ताशी १ सेंमीच्या आत ठेवायला ३५ मिनिटं तेवढीच राहतील, कमी लागतील की जास्त चालतील? आधी अंदाज लिही, मग तक्ता कर, आणि दोन्ही इथे टाक. अंदाज खोडून नीट केलेला नको, पहिला लिहिलेलाच टाक.