घरी काडतुसे भरण्याचा विचार आणि सात सेंटांचा हिशेब

वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे: ‘मी मूळचा डिचोलीचा, वय ४१. अकरा वर्षे टेक्सासमध्ये नोकरी करतो, ग्रीन कार्ड आहे. आई-वडिलांसाठी साधारण चार वर्षांनी कायमचे गोव्यात परतायचे ठरवले आहे. छंद म्हणून नेमबाजीच्या रेंजवर ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाने महिन्याला सुमारे २०० फैरी झाडतो. तयार काडतूस २६ सेंटांना पडते, तेच घरी भरले तर १९ सेंटांना पडेल. यंत्रसामग्रीला १,१०० डॉलर लागतील. त्यासाठी घराच्या छपराकरिता पाठवायचे पैसे दोन महिने पुढे ढकलावेत का? शिकायला माझ्याकडे येणारा भाचा कामात मदत करील आणि थोडी काडतुसे मित्रांना विकून भांडवलही वसूल करता येईल. क्रेडिट कार्डावर २,६०० डॉलर थकलेले आहेत, पण तो वेगळा विषय.’

सप्रेम नमस्कार.

तो वेगळा विषय नाही, आणि तिथपर्यंत मी येणारच आहे. परंतु आधी तुमचाच हिशेब घेऊ, कारण तो तुम्ही बऱ्यापैकी प्रामाणिकपणे मांडला आहे. काडतुसाचे चार घटक असतात: पितळी कवच, त्याच्या बुडाशी बसणारा, ठिणगी पाडणारा प्रायमर, आत भरायची बंदुकीची दारू आणि तोंडाशी बसणारी गोळी. यांतले कवच पुन्हा पुन्हा वापरता येते, म्हणूनच घरी भरण्यात बचत होते. बाकीचे तीन घटक दर वेळी नवे लागतात. तुम्ही प्रायमरला ७ सेंट, गोळीला ९ सेंट आणि दारूला ३ सेंट धरले आहेत. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात आणि तुम्ही एका काडतुसाला सरासरी ५ ग्रेन धरले आहेत, म्हणजे ४२ डॉलरच्या डब्यात १,४०० काडतुसे होतात. तेव्हा हा आकडा बरोबर आहे. फैरीमागे ७ सेंट वाचतात, वर्षाच्या २,४०० फैरींवर १६८ डॉलर. येथपर्यंत मला आक्षेप नाही.

अडचण पुढे आहे. १,१०० डॉलरना १६८ने भागले, तर भांडवल सुटायला साडेसहा वर्षे लागतात आणि तुमच्या हाती चारच आहेत. परतताना यंत्र विकून निम्मी किंमत आली असे धरू. मग चार वर्षांची बचत ६७२ डॉलर, यंत्रावरची घट ५५० डॉलर आणि शिल्लक १२२ डॉलर, म्हणजे महिन्याला अडीच डॉलर. यात तोटा नाही हे खरे, पण एवढ्यासाठी कोणी छप्पर उघडे ठेवत नाही.

शिवाय १९ सेंटांचा तुमचा भाव हा घाऊक खरेदीचा भाव आहे. प्रायमर आणि दारू धोकादायक माल म्हणून पाठवावी लागते आणि प्रत्येक पार्सलवर वेगळे शुल्क बसते. तुमच्या पत्रात ते २५ डॉलर आहे. एका वेळी १,००० प्रायमरच मागवले तर हे शुल्क नगामागे अडीच सेंट पडते आणि सात सेंटांची बचत साडेचारवर येते. ते टाळायचे तर ५,००० प्रायमर, ५,००० गोळ्या आणि ४ पौंड दारू एकदम घ्यावी लागेल, म्हणजे आणखी ९६८ डॉलर. तुम्ही १,१०० डॉलरचा निर्णय समजून पत्र लिहिले आहे. प्रत्यक्षात पहिले काडतूस भरण्याआधी तुमच्या खिशातून २,०६८ डॉलर गेलेले असतील आणि त्यांतला निम्म्याहून अधिक माल वर्षभरानंतरही कपाटातच असेल. किराणा दुकान चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, पगारदाराला मात्र आवर्जून सांगावे लागते.

आता कार्डाकडे येतो. थकबाकीवर २२ टक्के व्याज आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. हेच २,०६८ डॉलर कार्डावर भरले तर वर्षाला सुमारे ४५५ डॉलर व्याज वाचते, तेही पितळ न घासता. एकीकडे १६८ आणि दुसरीकडे ४५५ असे आकडे समोर असताना मला दुसरा युक्तिवाद करण्याची गरज वाटत नाही. आणि छपराचे पैसे तर या दोन्हींसाठी वापरायचे नाहीत, कारण मंगळुरी कौलांतून एक पावसाळा पाणी झिरपले की वासे-रिपा कुजतात आणि कौले बदलण्याचे काम सुताराच्या कामावर जाते.

वेळेचेही मोल धरावे लागेल. कवचे गोळा करणे, स्वच्छ करणे, तडे तपासणे आणि मग भरणे, हे सगळे धरून २०० काडतुसांना दोन तास लागतात असे मानले, तर १४ डॉलरच्या बचतीसाठी तुम्ही ताशी ७ डॉलरने राबता. अमेरिकेतील केंद्रीय किमान वेतन २००९पासून ७.२५ डॉलर आहे. ज्याला त्या टेबलापाशी बसण्यातच आनंद वाटतो त्याच्यासाठी ही तुलना गैरलागू आहे, हे मी मान्य करतो. मात्र मग त्याला बचत म्हणू नये. छंदाच्या खात्यात तो खर्च उघडपणे मांडावा. या छंदातली जाणती माणसे स्वतःच सांगतात की, घरी भरू लागल्यावर खर्च कमी होत नाही, फैरी वाढतात.

पत्रातल्या दोन कल्पना मात्र मी तुम्हाला ताबडतोब सोडायला सांगेन. पहिली विक्रीची. स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला अमेरिकेत केंद्रीय परवाना लागत नाही. परंतु विकून पैसे मिळवण्याच्या हेतूने ती बनवू लागलात की तुम्ही उत्पादक ठरता, त्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि काडतुसांवरचा ११ टक्के उत्पादन शुल्काचा प्रश्नही उभा राहतो. शिवाय तुमच्या हातून दुप्पट दारू भरली गेलेले एक काडतूस मित्राच्या पिस्तुलात फुटले, तर होणाऱ्या नुकसानीला आकडा घालता येणार नाही. ९ मिलिमीटरच्या कवचात दारूचे प्रमाण इतके थोडे असते की काही प्रकारच्या दारूचा दुप्पट भरही त्यात मावतो आणि घाईत नजरेतून सुटतो.

दुसरी कल्पना भाच्याची. तो विद्यार्थी व्हिसावर येणार आहे. अशा तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद वगळता, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत पितळी कवच, प्रायमर, गोळी आणि दारू हे सुटे घटकही दारूगोळ्यातच मोडतात. म्हणजे मामाला मदत म्हणून प्रायमरचा डबा हाताळणारा मुलगा आपला व्हिसा आणि शिक्षण दोन्ही पणाला लावील. ग्रीन कार्डामुळे तुम्हाला ही आडकाठी नाही, म्हणून ती तुमच्या ध्यानात आली नसावी. त्याच्या फीचे पैसे बहुधा तुमच्या बहिणीने कर्ज काढून भरले असतील. तेही या हिशेबात धरा.

परतण्याविषयी तुम्ही एका ओळीत लिहिले आहे की ‘यंत्र सामानाबरोबर गोव्यात आणता येईलच’. ते आणता येणार नाही. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यातील दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. परवान्याविना दारूगोळा बनवणे हा कलम ५चा भंग असून, २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. त्यातच ९ मिलिमीटर हा आपल्याकडे सर्वसामान्य नागरिकाला परवान्यावर न मिळणारा प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, तेव्हा डिचोलीत यंत्राच्या त्या मापाच्या साच्यांचा उपयोग शून्य. सामानात चुकून राहिलेल्या एखाद्या काडतुसावरून विमानतळावर गुन्हे नोंदवले जातात. म्हणून चवथीला येताना रेंजवर नेलेली बॅग दाबोळी किंवा मोपाच्या प्रवासाला वापरू नका. विमानखर्चाइतकाच वकिलाचा खर्चही आर्थिक नियोजनात मोडतो.

तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर माझे उत्तर वेगळे झाले असते. तुम्ही ०.४५ किंवा ०.४४ मॅग्नमसारखी महाग काडतुसे वापरत असता आणि फैरीमागे २० सेंट वाचत असते, तर वर्षाला ४८० डॉलर वाचून सव्वादोन वर्षांत यंत्राची किंमत निघाली असती. ९ मिलिमीटर हे जगात सर्वाधिक बनणाऱ्या काडतुसांपैकी असल्याने कारखान्याशी भावाची स्पर्धा करणे येथेच सर्वांत कठीण आहे.

म्हणून पुढचे वर्ष असे काढा. छपराचे हप्ते ठरल्या तारखांना पाठवा. छंदासाठी महिन्याला ५२ डॉलर, म्हणजे आजच्या भावाने २०० फैरींचे पैसे, बाजूला ठेवा आणि त्यापलीकडे जाऊ नका. शक्य तेव्हा १,००० काडतुसांची पेटी घ्या, भाव थोडा उतरतो. उरलेली सगळी बचत कार्डावर भरा. दरम्यान तुमची कवचे रेंजवर सोडून येऊ नका. मात्र काही बंदिस्त रेंज ती स्वतःकडे ठेवून घेतात आणि काही ठिकाणी घरी भरलेली काडतुसे चालतच नाहीत, तेव्हा तुमच्या रेंजचा नियम आधी विचारा. पिस्तुलाच्या वॉरंटीचा कागदही वाचा, कारण घरी भरलेल्या काडतुसांनी झालेले नुकसान अनेक उत्पादक भरून देत नाहीत. भाड्याच्या घरात राहत असाल तर दारू साठवण्याविषयी करारनामा आणि घराचा विमा काय म्हणतो, तेही पाहा.

कार्ड फिटल्यावरही हौस टिकली, तर एका वेळी एकच काम करणारे साधे प्रेस, म्हणजे काडतुसे भरण्याचे यंत्र, जुन्या बाजारातून घ्या, दारूचा वजनकाटा आणि मापक मात्र नवे घ्या, आणि पहिले काही महिने अनुभवी माणसाशेजारी बसूनच काम करा. पण त्याआधी ०.२२ पिस्तुलाचा विचार जरूर करावा, असे मला वाटते. त्याची काडतुसे तुम्ही आज देता त्यापेक्षा बरीच स्वस्त पडतात. त्यांचा प्रायमर कवचाच्या कडेतच असल्याने ती घरी भरण्याचा मोहही होत नाही. आणि २५ मीटर पिस्तूल नेमबाजीची ऑलिंपिक स्पर्धा याच काडतुसावर होते, त्यामुळे परतल्यावर एखाद्या नेमबाजी क्लबात नाव घालायचे झाल्यास चार वर्षांचा सराव वाया जाणार नाही. कार्डाचे पुढचे तीन मासिक हिशेब मला पाठवा, म्हणजे थकबाकी कोणत्या महिन्यात संपेल ते नक्की सांगता येईल.