नकाशाआधी झाडं मोजा

बांधकामाचा आराखडा काढायला बसण्याआधी प्लॉटवरचं प्रत्येक झाड नकाशावर मांडा. नुसता ठिपका नको. जात, खोडाचा व्यास आणि फांद्यांचा पसाराही लिहा. नवखे लोक खोड वाचलं की झाड वाचलं असं धरून चालतात. मीही चाललो होतो. झाड मरतं ते मुळं दुखावल्यामुळे, आणि बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटर मातीतच, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात.

ढोबळ हिशेब असा: छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजा, त्याच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ आखा. व्यास 40 सेंटिमीटर असेल तर 4.8 मीटर. या वर्तुळात पाया, ड्रेनेजचा चर, सिमेंट कालवणं, विटांचा ढीग, काहीही नको. खोडाभोवती मातीचा भरावही नको, मुळांना हवा मिळत नाही. या वर्तुळाभोवती कुंपण जेसीबी यायच्या आधी घाला; नंतर घालून उपयोग नाही, एकदा दाबली गेलेली माती सहजी मोकळी होत नाही.

नुकसान लगेच दिसत नाही, कधी तीन-चार वर्षांनी शेंडा वाळू लागतो. तोवर ठेकेदार कुठला सापडायला! पोकळ किंवा धोकादायक झाड मात्र हट्टाने ठेवू नका. आधी जाणकाराला दाखवा.